निळा गोळा खेळायचा, पांढरा गोळा खायचा

ऐरोलीहून एका आईचं पत्र आलंय. मोठं आहे, त्यातलं महत्त्वाचं तेवढं इथे देते.

"ताई, मुलगी आठ वर्षांची आहे आणि मुलगा चार. पावसामुळे दोघं घरातच असतात, मोबाईल नको म्हणून मी ठरवलं की रविवारी पिठात हात घालू द्यायचे. व्हिडिओ बघून खेळायचा डो, म्हणजे मैदा-मिठाचा गोळा, केला तर तो तीन दिवसांत चिकट झाला आणि पाचव्या दिवशी वर काळे ठिपके आले. पाव केले ते विटेसारखे झाले. त्यात गेल्या रविवारी दोन्ही गोळे एकाच परातीत मळले, आणि मुलाने मिठाचा डो पावाचाच समजून बऱ्यापैकी मोठा तुकडा खाल्ला. उलटी झाली. नंतर तो ठीक होता पण मी फार घाबरले. सासूबाई म्हणतात अन्नाशी खेळू नये, त्यांना हे सगळं बघवत नाही. नवरा म्हणतो दुकानातून तयार डोचे डबे आण आणि विषय संपव. मी हे बंदच करू का? खरं सांगू, मला मुलांबरोबर हे करायला फार आवडतं."

अगं, बंद अजिबात करू नकोस. तुला आवडतंय हे शेवटच्या ओळीत लिहिलंस पण माझ्यासाठी पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे, कारण आईला ज्यात मजा येते ते मुलं धरून ठेवतात. मी ठाण्याला नौपाड्यात बावीस वर्षं बालवाडीत शिकवलं, रोज सकाळी पहिला अर्धा तास आमच्याकडे पिठाचा गोळा असायचा, आणि जी मुलं जूनमध्ये खडू नीट पकडू शकत नव्हती ती दिवाळीपर्यंत छान गोल काढायची, कारण गोळा दाबून, ओढून, वळून बोटांत ताकद येते. तेव्हा चालू ठेव. पण काही गोष्टी बदलायला लागतील आणि पहिली आजच.

उलटीचं आधी बोलू. खेळायच्या डोमध्ये मीठ किती असतं याचा अंदाज आपल्याला येत नाही कारण आपण ते वाटीने घालतो. एक वाटी मैद्याला अर्धी वाटी मीठ, म्हणजे तयार गोळ्याचा जवळजवळ चौथा हिस्सा मीठच. लिंबाएवढा 30 ग्रॅमचा तुकडा धरलास तर त्यात सात-आठ ग्रॅम मीठ गेलं. मोठ्या माणसानेसुद्धा दिवसभरात 5 ग्रॅमच्या आत मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि हा तर चार वर्षांचा जीव. उलटी झाली हे एका अर्थी बरंच झालं, शरीराने बाहेर टाकलं. चिमूटभर जिभेला लागलं तर काही होत नाही, तोंड धुवायचं, पाणी द्यायचं. पण मोठा तुकडा पोटात गेला असेल, उलट्या थांबत नसतील, खूप तहान लागली असेल किंवा मूल सुस्त वाटत असेल तर घरी वाट बघत बसायचं नाही, सरळ डॉक्टरकडे न्यायचं. आणि घरात किंवा सोसायटीत कुत्रा असेल तर त्याच्यापासूनही हा गोळा लांब ठेव, त्यांना मिठाचा त्रास आपल्यापेक्षा लवकर होतो आणि वास आला की ते अख्खा गोळा गिळतात.

आमच्या बालवाडीतही असंच एकदा झालं होतं. मी पांढराच डो केला होता, त्यात वास छान यावा म्हणून व्हॅनिला घातला होता, आणि एका मुलीने तो बिस्किटाचा समजून खाल्ला. ती चूक माझी होती, मुलीची नाही. केकचा वास येणारी, कणकेसारखी दिसणारी वस्तू मी तीन वर्षांच्या मुलीच्या हातात दिली आणि वर म्हटलं खाऊ नको. त्या दिवसापासून मी जो नियम केला तो शेवटपर्यंत मोडला नाही, आणि तोच तुला देते: खेळायचा गोळा कायम निळा. हिरवा नाही, गुलाबी नाही, पिवळा तर नाहीच, निळाच, कारण आपल्या ताटात निळं काही नसतं. आणि खायचा गोळा कायम आपल्या रंगाचा, कणकेचा किंवा मैद्याचा, त्यात रंग घालायचा नाही. चार वर्षांच्या मुलाला "हे खारट आहे, ते कच्चं आहे, हे चालतं, ते नाही" एवढं लक्षात राहत नाही, पण निळा खेळायचा आणि पांढरा खायचा हे दोन दिवसांत पाठ होतं. मुलगी आठ वर्षांची आहे, तिला थोड्या दिवसांनी बाकीचे रंग देता येतील, पण धाकटा सहा-सात वर्षांचा होईपर्यंत घरात एकच रंग ठेव. डोमध्ये इसेन्स, कोको, वेलची असं खायचा वास येणारं काहीही घालू नकोस. आणि परात वेगळी. स्टीलची परात पावासाठी, प्लास्टिकचा जुना टब डोसाठी, आणि दोन्ही कामं एकाच दिवशी करायची नाहीत. शनिवारी निळा, रविवारी पांढरा, असं वाटून घे.

आता तो चिकट झालेला डो. तू व्हिडिओतला न शिजवता केलेला प्रकार केलास असं तुझ्या वर्णनावरून वाटतंय, नुसता मैदा, मीठ, पाणी मळून. तो दोन दिवसच टिकतो. शिजवलेला कर. तुला उकडीचे मोदक येत असतील तर हाही येतो, कारण हा डो म्हणजे दुसरं काही नाही, मैद्याची उकड आहे. उकड काढताना काय होतं, पाणी गरम झालं की पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि गोळा एकजीव होतो, मऊ राहतो, तुटत नाही. इथेही तसंच होतं.

एक वाटी मैदा, अर्धी वाटी बारीक मीठ, एक वाटीला थोडं कमी पाणी, दोन मोठे चमचे लिंबाचा रस, एक मोठा चमचा तेल, आणि निळा खायचा रंग पाण्यातच मिसळून घ्यायचा, नाहीतर नंतर मळताना हात आठवडाभर निळे राहतात. सगळं जाड बुडाच्या कढईत थंड असतानाच कालवायचं, गुठळ्या मोडायच्या, मग मंद गॅसवर ठेवून सारखं ढवळत राहायचं. आधी भज्यांच्या पिठासारखं दिसतं आणि वाटतं की बिघडलं, तिथे थांबू नकोस, तीन-चार मिनिटांत कडेने सुटायला लागतं आणि मग एकदम गोळा होतो. चमच्याला चिकटेना झालं की उतरव, झाकून ठेव, आणि हाताला सोसेल इतपत झालं की गरम असतानाच पाच मिनिटं चांगला मळ. हे गॅसजवळचं काम तुझं, मळायचं काम मुलांचं, कोमट गोळा हातात घ्यायला मुलांना इतकं आवडतं की बघत राहावं.

परदेशी रेसिपीत क्रीम ऑफ टार्टर लिहिलेलं असतं, ते बेकिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतं पण महाग पडतं आणि त्याच्यावाचून काही अडत नाही, ते आंबटपणासाठी असतं आणि आपलं लिंबू ते काम करतं. लिंबाऐवजी पाव चमचा सायट्रिक ॲसिड पाण्यात विरघळवलंस तरी चालेल, किराणावाला त्याला लिंबूफूल म्हणतो. मात्र काही व्हिडिओत बोरॅक्स, म्हणजे टाकणखार, घालायला सांगतात ते लहान मुलांच्या वस्तूत नको म्हणजे नकोच.

बुरशीचं कारण तुझी अस्वच्छता नाहीये, इथली हवा आहे. हवेतला दमटपणा साधारण 75 टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढायला लागतं, म्हणूनच पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. जुलैत आपल्याकडे ठाण्यात काय आणि नवी मुंबईत काय, हवा कायम त्याच्या वरच असते, आणि ऐरोलीला तर खाडीच शेजारी. मग डोच्या वरच्या थराला पाणी सुटतं, तिथलं मीठ पातळ होतं, त्यात मुलांच्या हातावरचा खाऊ, घाम, लाळ लागते, आणि बुरशीला तेवढं पुरतं. म्हणून एक तर खेळायच्या आधीही हात धुवायचे, नुसते नंतर नाही. दुसरं, गोळा पिशवीत नाही, घट्ट झाकणाच्या डब्यात आणि फ्रीजमध्ये, डब्यावर मोठ्या अक्षरात "खेळायचं" असं लिहून खालच्या कप्प्यात मागे ठेव म्हणजे घाईत कोणी कणीक समजून पोळ्या लाटायला घेणार नाही. निळा असला तरी लिही. चिकट झाला तर कोरड्या कढईत मंद गॅसवर दोन मिनिटं परतायचा आणि चमचाभर मैदा लावून मळायचा, पुन्हा नव्यासारखा होतो. असं करून आमच्याकडे पावसाळ्यात दोन-अडीच आठवडे आणि हिवाळ्यात महिनाभरही टिकायचा. काळा, हिरवा, पांढरा केसाळ कसलाही ठिपका दिसला तर मात्र तेवढा काढून बाकीचा वापरायचा नाही, अख्खा टाकायचा. आणि टाकायचा म्हणजे ओल्या कचऱ्यात, सिंकमध्ये नाही, पाइप तुंबतो. कुंडीत तर मुळीच नको, मिठाने झाड जातं.

तुझा नवरा दुकानातल्या डब्यांचं म्हणतो तर तेही वाईट नाही, प्रवासात वगैरे सोयीचे पडतात. पण त्याला एक गंमत सांग, त्या प्रसिद्ध प्ले-डोची सुरुवात खेळण्याची नव्हतीच. अमेरिकेत सिनसिनाटीमधली एक साबण कंपनी 1930च्या दशकात भिंतीवरच्या कागदाला लागलेली कोळशाची काजळी पुसायला पिठाचा गोळा विकायची. पुढे घरं गॅसवर गरम व्हायला लागली, काजळी गेली, गोळ्याचा खप बसला, आणि एका बालवाडीच्या बाईंनी तोच गोळा मुलांना वस्तू करायला दिला तेव्हा कंपनीच्या लक्षात आलं की हे तर खेळणं आहे, मग 1956 मध्ये तो खेळणं म्हणून विकायला आला. पीठ, मीठ, पाणी हेच त्याचं मूळ, तुझ्या स्वयंपाकघरात ते सगळं आहे. हो, एक मात्र, मुलांचे मित्र खेळायला येत असतील तर कोणाला गव्हाची ॲलर्जी किंवा सीलिॲक, म्हणजे गहू न सोसण्याचा आजार, आहे का ते आधी विचार, विकतच्या त्या डोमध्येही गहू असतो. अशा मुलासाठी वरच्याच प्रमाणात तांदळाची पिठी घे, पाणी थोडं जास्त लागेल आणि गोळा जरा ठिसूळ होईल, चालतं.

मुलीला वस्तू करून ठेवायच्या आहेत असंही तू लिहिलंयस, पक्षी, तोरण वगैरे. त्यासाठी सुकवायचा मिठाचा डो वेगळा असतो, दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, साधारण एक वाटी पाणी, तेल नाही आणि शिजवायचा नाही. घट्ट मळायचा, अर्धा सेंटिमीटर जाडीचं लाटून कापायचं, आणि ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, 100 डिग्रीवर दोन ते तीन तास, मध्ये एकदा उलटून. पण हे आत्ता करू नकोस. मी जुलैत करून बघितलंय, ओव्हनमधून दगडासारखं निघालेलं पान आठ दिवसांत पुन्हा मऊ पडून खिळ्यावरून खाली येतं. ऑक्टोबर हीट यायला लागली की कर, तेव्हा ओव्हनसुद्धा नको, खिडकीत जाळीवर तीन-चार दिवस ठेवलं की खडखडीत वाळतं, दिवाळीचं तोरण होतं. वरून वॉर्निशचे दोन हात दे म्हणजे पुढचा पावसाळा निघेल. आणि हे पांढरं असतं म्हणून धाकटा झोपलेला असताना फक्त मुलीने करायचं, तिलाही जरा आईबरोबरचा तिचा स्वतःचा वेळ मिळतो. हिवाळ्यात तुमच्या खाडीत फ्लेमिंगो येतात तेव्हा तिला घेऊन जा, बघून आली की आपोआप करेल, पाय मात्र डोचे करू देऊ नकोस, मोडतात, काड्या खोचायच्या.

आता तुझे पाव. तू लिहिलंयस की यीस्ट "चांगल्या गरम" पाण्यात घातलं आणि पाकीट मागच्या दिवाळीचं, रबर लावून गॅसच्या वरच्या कपाटात ठेवलेलं. दोन्ही कारणं पुरेशी आहेत. यीस्ट जिवंत असतं, 55-60 डिग्रीच्या पाण्यात ते मरतं, आणि "चांगलं गरम" पाणी पुष्कळदा तेवढं तापलेलं असतं. इथल्या हवेत पाणी गरम करायची गरजच नाही, नळाचं घे, मे महिन्यात तर मी माठातलं घ्यायचे. आणि उघडलेलं पाकीट दमट हवेत, त्यातही गॅसच्या वर, काही महिन्यांत निकामी होतं. नवीन आणलंस की छोट्या काचेच्या बरणीत भरून फ्रीजरमध्ये ठेव. शंका आली तर अर्धी वाटी पाणी, चमचाभर साखर, चमचाभर यीस्ट, दहा मिनिटं, फेस आला तर ठीक, नाही आला तर मैदा वाया घालवू नकोस.

तिसरं तू लिहिलं नाहीस पण मला खात्री आहे की ते झालं असणार, गोळा हाताला चिकटला म्हणून तू वरून मैदा घालत गेलीस. सगळ्या जणी हे करतात कारण पोळीच्या कणकेची सवय असते. पावाची कणीक सुरुवातीला चिकटतेच. तेव्हा पीठ घालायचं नाही, झाकून वीस मिनिटं सोडून द्यायचं. पीठ पाणी पितं, ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, आपलं आपण जुळायला लागतं, आणि परत हात लावलास की तोच गोळा निम्म्याने कमी चिकटतो. मग मळ, आपल्या आज्या म्हणायच्या तशी तिंबून काढ, ओढायची, दुमडायची, ओट्यावर आपटायची, दहा मिनिटं तरी. छोटा तुकडा बोटांवर ताणून बघ, पलीकडचा उजेड दिसेल असा पडदा झाला आणि फाटला नाही की झाली.

पहिल्यांदा थोडंच कर. मैदा 250 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 4 ग्रॅम, मीठ 5 ग्रॅम, साखर 15 ग्रॅम, दूध-पाणी निम्मं निम्मं मिळून 160 मिली, आणि मळून होत आल्यावर 20 ग्रॅम लोणी. वजनकाटा नसेल तर घे एक, साधा इलेक्ट्रॉनिक, पावाला वाटीचा अंदाज चालत नाही आणि काट्यावरचे आकडे वाचायचं काम मुलीला दे, तिच्या वयाला ते फार आवडतं. झाकून ठेवायचं. घड्याळ बघू नकोस, गोळा बघ. या दिवसांत पाऊण-एक तासात दुप्पट होईल, जानेवारीत दीड तास लागेल. मग हवा काढून आठ गोळे, मुलीला विचार एकूण वजन आठाने भागलं तर एक केवढा, तिचा भागाकार तिथेच होतो. तुपाचा हात लावलेल्या ट्रेमध्ये जवळजवळ लावायचे, पुन्हा अर्धा तास, बोटाने हलकं दाबलं तर खड्डा हळूहळू भरून आला पाहिजे. वरून दूध, आणि आधीपासून तापवलेल्या ओटीजीत 200 डिग्रीवर 18 ते 20 मिनिटं. बाहेर काढल्या काढल्या लोणी लाव आणि स्वच्छ फडक्याने झाक, तेवढ्यानेच वरची साल मऊ होते. सगळी गव्हाचीच कणीक वापरायची असेल तर ती मैद्यापेक्षा बरंच जास्त पाणी पिते आणि कोंड्यामुळे कमी फुगते, पहिल्यांदा निम्मी कणीक निम्मा मैदा घे.

धाकट्याची कलाकुसर इथेच करून घे. त्याच्या वाटणीच्या गोळ्याचं कासव, मोठा गोळा पाठ, पाच छोटे गोळे डोकं आणि पाय, बेदाण्यांचे डोळे. किंवा लांबट गोळ्याला कात्रीने वरून टोचे मारायचे, साळिंदर होतं, हे कात्रीचं मुलीने करायचं. भाजून आलं की त्याला स्वतःचं कासव खायला मिळतं आणि मिठाचा गोळा तोंडात घालायची ओढ आपोआप कमी होते, हे मी कितीतरी मुलांत बघितलंय. फक्त कच्चं चाखू द्यायचं नाही. आपल्याला वाटतं पिठाला काय होतंय, पण पीठ शिजवल्याशिवाय जंतू मरत नाहीत, 2016 साली अमेरिकेत कच्च्या पिठातूनच ई. कोलाय नावाच्या जंतूची लागण पसरली होती. पावाचा गोळा तर पोटातही फुगतो.

राहिल्या सासूबाई. त्यांचं चुकत नाहीये असं मला मनापासून वाटतं. ज्या पिढीने रेशनच्या रांगेत उभं राहून गहू आणला तिला वाटीभर मैदा मिठात कालवून पाच दिवसांनी कचऱ्यात गेलेला बघवणार नाही. "अन्नाशी खेळू नये" हे त्या मुलांवर रागावून म्हणत नाहीत, त्यांना ते आतून लागतं. तेव्हा त्यांना पटवायच्या मागे लागू नकोस, वागून दाखव. डोसाठी चांगला मैदा काढूच नकोस, तारीख उलटलेला, कपाटात मागे राहिलेला मैदा चाळून बाजूला ठेव, आणि महिन्यातून एकच वाटी. वर सांगितलं तसं सांभाळलंस तर तेवढ्यात भागतं. त्यांना सांग की आई, खायचं पीठ यात जाणार नाही. आणि ते पाळ.

पण त्यांना बाजूला बसवून हे करू नकोस, कारण या विषयात घरात सगळ्यात जास्त येतं ते त्यांनाच. आपल्याकडे पिठाची कलाकुसर कोणी व्हिडिओतून शिकलेलं नाही. पोळ्या चालू असताना शेजारी बसलेल्या मुलाला कणकेचा गोळा मिळायचा, त्याची चिमणी व्हायची, ती तव्याच्या कडेला भाजली जायची आणि गुळाबरोबर पोटात जायची, टाकलं जायचं नाही काहीच. मोदकाच्या पाऱ्या, करंजीची मुरड, शंकरपाळ्यांचं कातण, हे सगळं हातांचंच काम आहे. तुझ्या मुलाला जो गोळा तोंडात घातला तरी चालेल असा हवाय ना, तो म्हणजे तांदळाची उकड. वाटीभर पाणी, चमचाभर तूप, मिठाची चिमूट, उकळी आली की वाटीभर पिठी, झाकून वाफ, आणि मळून त्याच्या हातात. तो आधीच शिजलेला असतो, थोडा खाल्ला तरी बिघडत नाही, वळून झालं की मोदकपात्रात पुन्हा दहा मिनिटं वाफव आणि तुपाबरोबर वाढ. फक्त त्याच दिवशी संपव, उकड आंबते.

आणि आता आषाढ संपत आलाय, दिव्याची अमावस्या तोंडावर आहे. घराघरात त्या दिवशी दिवे घासून पूजा होते आणि कणकेचे गोड दिवे होतात. या वेळी ते काम सासूबाई आणि दोन्ही मुलांना दे, तू नुसती मोदकपात्र लाव. मी करते ते असं, एक वाटी कणीक, अर्धी वाटी गूळ थोड्या गरम पाण्यात विरघळवून आणि गाळून, चमचाभर गरम तुपाचं मोहन, किंचित मीठ आणि वेलची. पोळीपेक्षा घट्ट मळायचं, अर्धा तास झाकायचं, लिंबाएवढे गोळे करून अंगठ्याने मध्ये खोलगट दाबायचं, वातीसाठी चोच काढायची. धाकट्याचा अंगठा खळगा पाडायला अगदी मापाचा आहे. तूप लावलेल्या चाळणीवर पंधरा मिनिटं वाफवायचे, ओवाळून झाले की त्यातच तूप घालून खायचे. गुळाचं प्रमाण मात्र सासूबाईंना विचार, प्रत्येक घरचं वेगळं असतं, आणि त्यांचं माझ्याहून वेगळं निघालं तर त्यांचंच घे.